तेलाच्या पैशातून ६१ हजार शाळा: इंडोनेशियाने काय केलं?

१९७३-७४ मध्ये कच्च्या तेलाचे दर जवळपास चौपट झाले आणि तेल विकणाऱ्या इंडोनेशियाच्या तिजोरीत अचानक पैसा आला. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने त्यातला बराच पैसा पंचवार्षिक योजनांमधून खेड्यांकडे वळवला.

सगळ्यात गाजली ती शाळांची योजना. १९७८-७९ पर्यंत ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. सूत्र साधं होतं: जिथे शाळेबाहेरची मुलं जास्त, तिथे नव्या शाळा जास्त. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांनी याच योजनेचा अभ्यास केला. तिथल्या मुलग्यांचं शिक्षण वाढलं होतं आणि मोठेपणी त्यांचा पगारही.

शेतीत खतांवर अनुदान, कालवे, सुधारित बियाणं आलं. जगातला मोठा तांदूळ आयातदार असलेला हा देश १९८४ मध्ये स्वयंपूर्ण झाला. पण अनुदानामुळे कीटकनाशकंही स्वस्त झाली. ती इतकी फवारली गेली की भातावरच्या तुडतुड्यांना खाणारे मित्रकीटकच मेले. १९८६ मध्ये सरकारला भातासाठीच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली.

आणि सगळा पैसा काही खेड्यात गेला नाही. सरकारी तेल कंपनी पेर्तामिना १९७५ मध्ये कर्जाचे हप्ते फेडू शकली नाही. तो बोजा शेवटी सरकारनेच उचलला.