दिव्याखालचा अभ्यास

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. १३२ मुले बसली, २२ पास झाली. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे पहिले बी.ए. झाले. महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या अभ्यासाचा इतिहास या चौघांपासून मोजावा लागतो, कारण त्यांच्यापुढे वाट दाखवणारे आधीचे कोणी नव्हते.

त्याआधी शिकणे म्हणजे पाठ करणे. पाठशाळेत गुरूंकडून संथा घ्यायची, ती म्हणून दाखवायची. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवायची आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका सुरात पाढ्यांची उजळणी करायची. विद्यापीठाने मागितले ते निराळे होते: जाडजूड इंग्रजी ग्रंथ एकट्याने, मनातल्या मनात वाचायचे आणि वर्षभराचे वाचन काही तासांत परक्या भाषेत उतरवून द्यायचे. ही सवय अंगी बाणवताना शरीराची झीज झाली. रानड्यांचे डोळे अतिवाचनाने इतके बिघडले की काही काळ वाचन बंद ठेवावे लागले; पुढे आयुष्यभर ते दुसऱ्यांकडून वाचून घेत. टिळकांनी डेक्कन कॉलेजात पहिले वर्ष अभ्यासापेक्षा तालमीला आणि पोहण्याला दिले, त्यामागे प्रकृती खणखणीत करून घ्यायची हाच हिशेब होता.

जुनी पाठांतराची सवय मात्र सुटली नाही. तिचेच नाव पुढे घोकंपट्टी पडले. पाठांतराला सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. अर्थ कळलेला श्लोक किंवा सिद्धांत तोंडपाठ असणे ही शिदोरीच असते. घात झाला तो न समजलेली इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी घोकण्याने. आधी नोट्स, मग गाईड आणि शेवटी ‘अपेक्षित’ प्रश्नसंच, अशी त्याची पुढची पिढीजात वाटचाल झाली.

पण बहुतेक मुलांची खरी अडचण पुस्तकात नव्हती. जेवायचे कुठे, बसायचे कुठे आणि दिवा कोणाचा, हे तीन प्रश्न आधी सुटावे लागत. पुण्यात गरीब ब्राह्मण मुले वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्याचे सातही वार लागले नाहीत त्याला उरलेल्या दिवशी माधुकरी. झोळी घेऊन पेठेतली घरे फिरायची, मिळालेला भात, आमटी, पोळीचे तुकडे एकत्र करून खायचे आणि मग वर्ग गाठायचा. या मुलांचा अभ्यास पहाटेचा असे, कारण दिवसाचे तास आधीच वाटून गेलेले असत. धोंडो केशव कर्वे मुंबईत शिकवण्या करत शिकले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले.

इतर जातींच्या मुलांना वार आणि माधुकरीचीही सोय नव्हती. म्हणून राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांमागून वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या बोर्डिंगात मुलांची पोटे भरावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही तिथली रीतच ठरली. श्रमाने घामेजलेल्या हाताने वही धरण्यात कमीपणा नाही, हे भाऊरावांनी महाराष्ट्राच्या गळी उतरवले.

परळच्या चाळीतली एक खोली या इतिहासात जवळून पाहण्यासारखी आहे. सुभेदार रामजी सकपाळांचे कुटुंब तिथे राहत असे. स्वयंपाक, बसणे-उठणे, झोपणे, सगळे त्या एकाच खोलीत. भिंतीशी जाते, सरपण आणि एक शेळीसुद्धा. दोघांना एका वेळी अंग टाकायला जागा पुरत नसे. त्यांचे चिरंजीव भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, संध्याकाळी लवकर झोपत आणि वडील जागे राहत. रात्री दोनला वडील मुलाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. मग चिमणीच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, १९१२ साली एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले. अभ्यासाला जागा लागते हे ज्यांनी असे अंगावर काढले, त्या बाबासाहेबांनी पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले.

मुंबईतल्या कामगारांच्या मुलांची तीच कहाणी वरळीत रस्त्यावर आली. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची. एका चाळीत ८० खोल्या, संडास सामायिक. घरात पाहुणा आला, रेडिओ लागला की पुस्तक मिटावे लागे. म्हणून मुले चटई आणि वही घेऊन जवळच्या एका शांत, झाडीच्या रस्त्यावर नगरपालिकेच्या दिव्याखाली बसू लागली. त्या रस्त्याला लोकांनीच ‘अभ्यास गल्ली’ म्हणायला सुरुवात केली. तिथे वाढलेली रीत कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हती. आपापल्या दिव्याखाली एकट्याने वाचायचे, मग दोघा-तिघांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे; मोठ्याने म्हणायचे असेल तर फेऱ्या मारत म्हणायचे, म्हणजे झोपही येत नाही; वरच्या वर्गातल्या दादाने गणित समजावून द्यायचे आणि जुनी पुस्तके खालच्यांना द्यायची. दुसऱ्याला समजावून सांगता आले तरच आपल्याला कळले, ही कसोटी या मुलांनी रोजच्या वापरातून शोधली होती.

मुलींना तो दिवाही सहज मिळाला नाही. रात्री रस्त्यावर बसणे त्यांना शक्य नव्हते आणि घरात भांडी, पाणी, धाकटी भावंडे आधी. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. परीक्षेतल्या यशाने इंग्लंडची शिष्यवृत्ती त्यांच्या हक्काची होती, पण मुलगी म्हणून ती नाकारली गेली. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढून मातृभाषेतून शिकवायला सुरुवात केली, तेव्हा निदान परक्या भाषेचे ओझे तरी उतरले.

पुढे वस्त्यावस्त्यांत अभ्यासिका निघाल्या. लाकडी कप्प्यांचे टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट, महिन्याची फी, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्रभर उघडे दार. बीडीडी चाळींच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत.