समुद्रकाठचं बालपण : आठवण आणि पुरावा

सुट्टी म्हटली की आपल्याकडच्या मुलाला मामाचं गाव आठवतं. इंग्रज मुलाला मात्र गेली दीडशे वर्षे बहुधा समुद्र आठवत आला आहे. त्या देशातली आत्मचरित्रे चाळा. पुष्कळांच्या बालपणात कुठेतरी एक पुळण, एक बादली, एक लहानसं फावडं आणि ओहोटीला खडपांत साचून राहिलेलं पाणी हटकून सापडतं. या आठवणी गोड आहेत यात शंका नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांचं करायचं काय? त्या खऱ्या मानायच्या, की नुसत्या गोड मानायच्या?

पहिली गोष्ट ही की समुद्राची ही हौस मुळीच पुरातन नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्रकाठ म्हणजे कोळ्यांची, खलाशांची आणि रात्री चोरटा माल उतरवणाऱ्यांची जागा. १७५० मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने खाऱ्या पाण्याच्या औषधी गुणांवर लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. गाठींच्या विकारावर समुद्रस्नान करा, आणि हो, समुद्राचं पाणी प्यासुद्धा, असा त्याचा सल्ला! ब्रायटन हे मासेमारीचं गाव या नव्या उपचाराने वर आलं. १७८३ मध्ये युवराज जॉर्ज तिथे गेला आणि मग काय, सारा उमराववर्ग त्याच्यामागे लोटला. याच ब्रायटनमध्ये पाटण्याच्या शेख दीन महंमदाने स्नानगृह काढून साहेबलोकांना चंपी करून घ्यायला शिकवलं. इंग्रजीतला ‘शांपू’ हा शब्द आपल्या ‘चांपणे’ या धातूच्याच घराण्यातला आहे.

१८४१ मध्ये लंडनहून ब्रायटनला रेल्वे आली, आणि १८७१ च्या कायद्याने बँकांना ठराविक सुट्ट्या मिळाल्या. मोठ्या शहरांजवळचे किनारे गजबजले, तसे मध्यमवर्गीय कुटुंबे शांत खेडी शोधू लागली. मुलांच्या आठवणी आहेत त्या मुख्यतः या खेड्यांच्या.

एडमंड गॉस या साहित्यिकाचं उदाहरण घ्या. त्याचा जन्म १८४९ चा. आई वारल्यावर, १८५७ मध्ये वडिलांबरोबर तो डेव्हन परगण्यातल्या सेंट मेरीचर्च या गावी राहायला गेला. वडील फिलिप गॉस हे नावाजलेले निसर्गशास्त्रज्ञ. बापलेक ओहोटीला खडपांत उतरत आणि डबक्यांतली समुद्रफुले नि शेवाळी गोळा करीत. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात गॉसने या डबक्यांचं वर्णन मोठ्या प्रेमाने केलं आहे, आणि त्याच ओघात एक कडू गोष्टही सांगितली आहे. वडिलांची पुस्तके वाचूनच हजारो हौशी माणसं किनाऱ्यावर आली. घराघरांत काचेची मत्स्यालये ठेवण्याचं वेड पसरलं आणि ती डबकी लुटली गेली. ज्याने लोकांना हे सौंदर्य दाखवलं, त्याच्याच हातून ते नासलं. याचं दुःख वडिलांना फार झालं, असं मुलगा सांगतो. या पुस्तकात बाप फार कठोर रंगवला गेला, असं पुढच्या चरित्रकारांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे पाहा, डबक्यांच्या बाबतीत आपण जी आठवण विश्वासाने घेतो, तीच बापाच्या बाबतीत तपासून घ्यावी लागते.

दुसरं उदाहरण व्हर्जिनिया वुल्फ हिचं. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज या कोळ्यांच्या गावी १८७७ मध्ये रेल्वेचा फाटा आला. तिच्या वडिलांनी तिथे टॅलंड हाउस नावाचं घर भाड्याने घेतलं, आणि १८८२ पासून १८९४ पर्यंत प्रत्येक उन्हाळा त्या कुटुंबाने तिथे काढला. १८९५ मध्ये आई वारली आणि ते घर सुटलं. घरातून गॉड्रेव्हीचं दीपगृह दिसे. १९२७ मध्ये तिने दीपगृहाच्या सफरीवर कादंबरी लिहिली. तीत सहा वर्षांच्या मुलाची सफर वाईट हवेमुळे हुकते.

आता गंमत अशी की ही भावंडं लहानपणी घरातल्या घरात एक हस्तलिखित वर्तमानपत्र चालवीत. त्याच्या सप्टेंबर १८९२ च्या अंकात दीपगृहाच्या खऱ्या सफरीची बातमी आहे. त्या दिवशी वारा नि भरती दोन्ही अनुकूल होती! धाकटा भाऊ एड्रियन मागे राहिला, तो त्याला जाऊ दिलं नाही म्हणून. आणि तो फार हिरमुसला. कादंबरीकाराने हवा बदलली, बेट बदललं, गोष्ट स्कॉटलंडमध्ये नेली. मुलाचा हिरमोड मात्र पस्तीस वर्षे तसाच टिकला होता. आठवण तपशिलात घसरते पण दुखऱ्या जागी सहसा चुकत नाही, एवढं यावरून दिसतं.

पण ही झाली पाहुण्यांची मुलं. त्याच गावात जन्मलेल्या मुलांचं काय? सेंट आइव्ह्जचं पोट पिल्चर्ड मासळीवर चाले. ही आपल्या तारलीच्या जातीची. टेकडीवर टेहळ्या बसे. पाण्यात थवा दिसला की तो आरोळी ठोकी, आणि होड्या रापणीसारखं मोठं जाळं टाकून थवा वेढीत. वुल्फने शेवटच्या काळात, १९३९–४० मध्ये, लिहिलेल्या आठवणींत उपसागरात वाट पाहत नांगरून पडलेल्या या होड्या आहेत. वर्षामागून वर्षे मासळी येत नसे. पोहत होड्यांपर्यंत जाणाऱ्या मुलीला ते एक चित्र होतं. कोळ्याच्या मुलीला तीच रिकामी होडी म्हणजे येणारा हिवाळा. पहिल्या मुलीचं पुस्तक जगाने वाचलं. दुसरीला लिहायला कुणी बसवलंच नाही.

डेव्हनमधल्या हॉलसँड्झ गावाची हकीकत तर याहून बोलकी आहे. प्लिमथची आरमारी गोदी वाढवण्यासाठी १८९७ पासून या गावापुढच्या समुद्रातून गोटे नि वाळू उपसून नेली. गावपुढची पुळण खचू लागली. कोळ्यांनी ओरड केली तेव्हा १९०२ मध्ये उपसा थांबला, पण फार उशीर झाला होता. जानेवारी १९१७ च्या वादळात जवळजवळ सारं गाव वाहून गेलं. सुदैवाने माणूस एकही दगावला नाही. त्या गावच्या मुलांना पुळण ही किल्ले बांधायची जागा असेलही. पण आधी ती घराची संरक्षक भिंत होती.

पुढे १९३८ च्या कायद्याने पगारी सुट्टीची वाट मोकळी झाली, आणि कामगारांची मुलंही मोठ्या संख्येने समुद्र पाहू लागली. १९४० मध्ये आक्रमणाच्या भीतीने दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर काटेरी तारा लागल्या, सुरुंग पेरले गेले. त्या पिढीच्या आठवणीत पुळण आहे ती तारेपलीकडची. आणि सेंट आइव्ह्ज? पाहुण्यांनी घरे घेऊन किमती इतक्या चढल्या की गावच्या तरुणांना गावात घर मिळेना. २०१६ मध्ये मतदान घेऊन गावाने ठरवलं की नवं घर बांधायचं ते बारमाही राहणाऱ्यासाठीच. एकेकाळच्या गोड आठवणींनीच गावाची किंमत वाढवली होती.

तेव्हा माझं उत्तर एवढंच. बालपणाच्या आठवणी जरूर वाचाव्यात. कुठल्या सरकारी कागदात आपल्याला एड्रियनचं हिरमुसणं सापडणार आहे? पण तारखेसाठी आणि हवेसाठी त्या वेळचा कागद शोधावा. आणि पुस्तक मिटताना एक विचारावं : या मुलाची बॅग स्टेशनवरून कोणी वाहिली, आणि त्या माणसाच्या मुलांनी तो उन्हाळा कसा काढला?