लिस्बनचा भूकंप आणि ईश्वराच्या न्यायाचा प्रश्न

इ. स. १७५५ च्या नोव्हेंबर महिन्याची पहिली तारीख. कॅथलिक पंचांगाप्रमाणे हा सर्व संतांचा सण. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील चर्चे सकाळच्या मिस्सासाठी भाविकांनी भरून गेली होती आणि वेद्यांवर मेणबत्त्या तेवत होत्या. साडेनऊ वाजून गेल्यावर थोड्याच वेळात जमीन हादरली. एकामागून एक तीन धक्के बसले आणि काही मिनिटांत शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. पडणाऱ्या भिंतींपासून जीव वाचवण्यासाठी लोक टेगस नदीच्या मोकळ्या काठाकडे धावले. परंतु तासाभराच्या आसपास समुद्रच उंच लाटांच्या रूपाने त्या काठावर चालून आला. त्यातून जे उरले ते आगीने गिळले. कोसळलेल्या मेणबत्त्या आणि घरोघरच्या चुली यांतून लागलेली ती आग पाच-सहा दिवस शमली नाही. मृतांच्या आकड्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. तीस ते चाळीस हजार हा अंदाज पुष्कळदा दिला जातो. शहराची लोकसंख्या दोन लाखांच्या जवळपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या संहाराची कल्पना येते. राजवाडा, त्यातील सत्तर हजार ग्रंथांचा संग्रह, त्याच वर्षी उघडलेले संगीतनाट्यगृह आणि सर्व संतांच्याच नावाचे मोठे रुग्णालय, सारे नष्ट झाले.

भूकंप जगात पूर्वीही झाले होते. परंतु या भूकंपाने युरोपच्या अंतःकरणाला जी जखम केली तिचे कारण वेगळे होते. लिस्बन हे धर्मनिष्ठ शहर म्हणून प्रसिद्ध होते. आघात झाला तो सणाच्या दिवशी, प्रार्थनेच्या वेळी, आणि अधिक मेले ते चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेले. उलट, वेश्यावस्तीची एक गल्ली बऱ्याच अंशी बचावली, असे त्या वेळच्या लोकांनी एकमेकांना सांगितले. देव सर्वशक्तिमान आहे आणि तो पूर्णतः चांगलाही आहे, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते. मग हे कसे झाले? या प्रश्नाची जी उत्तरे गेल्या पावणेतीनशे वर्षांत दिली गेली, त्यांचा धावता परामर्श घेण्याचा या लेखाचा हेतू आहे.

पहिले उत्तर जुने होते. चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टीन यांनी असे मांडले की, ईश्वराने निर्मिलेली सृष्टी मुळात चांगली आहे. वाईट म्हणजे स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे, आणि आदि मानवाच्या पतनामुळे दुःख व मृत्यू जगात आले. गोव्यातील वाचकांना हा विचार परका वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लिहिलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सृष्टीची उत्पत्ती आणि आदम-एवेचे पतन ही कथा त्यात मराठी ओवीत सांगितली आहे. म्हणजे लिस्बन हादरले त्याआधी जवळजवळ एकशेचाळीस वर्षे, दुःखाच्या उगमाचे हे ख्रिस्ती उत्तर आपल्या भाषेत आलेले होते.

पण सर्व मानवजातीच्या पतनाचा सिद्धांत एक गोष्ट, आणि एका शहराच्या पापाचा निवाडा दुसरी. लिस्बनच्या ढिगाऱ्यावर उभे राहून पुष्कळ धर्मोपदेशकांनी हा दुसरा निवाडाच सांगितला. गाब्रिएल मालाग्रिदा हे ब्राझीलमध्ये दीर्घकाळ धर्मप्रसार केलेले वृद्ध जेझुइट. १७५६ साली त्यांनी भूकंपाच्या खऱ्या कारणाविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. धूमकेतू, वायू, निसर्गातील घडामोडी ही कारणे त्यांनी झिडकारली; लिस्बनवासीयांची पापे हेच कारण, आणि झोपड्या उभारण्याची धडपड करण्यापेक्षा पश्चात्ताप करा, असा त्यांचा उपदेश होता. प्रॉटेस्टंट देशांतही तऱ्हा वेगळी नव्हती. फक्त पापाची यादी बदलली. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी १७५५ सालीच लिहिलेल्या पुस्तिकेत या घटनेकडे ईश्वरी निवाडा म्हणून पाहिले आणि इन्क्विझिशनने सांडलेल्या रक्ताची आठवण करून दिली. दोघेही निष्ठावान ख्रिस्ती. एकाला लिस्बन पुरेसे कॅथलिक वाटले नाही, दुसऱ्याला ते अतिच कॅथलिक वाटले. शिक्षेची भाषा एकदा स्वीकारली की गुन्हा कोणता, हे ज्याच्या त्याच्या मनातील आधीच्या रागावरून ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

तत्त्वज्ञांमध्ये लायब्निट्सचे मत तेव्हा प्रतिष्ठित होते. ईश्वराने शक्य असलेल्या सर्व जगांपैकी उत्तम जग निवडले आहे आणि त्यातील दुःख हे एकंदर सुसंवादाचा अपरिहार्य अंश आहे, असे त्याने १७१० च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादले होते. व्हॉल्तेअरने लिस्बनवर कविता लिहून या समाधानाला आव्हान दिले. लंडन आणि पॅरिस येथे पाप कमी होते काय आणि आईच्या कुशीत चिरडलेल्या अर्भकांनी कोणता अपराध केला, असा त्याच्या विचाराचा रोख होता. त्याला रूसोने ऑगस्ट १७५६ मध्ये पत्र लिहून उत्तर दिले. ईश्वरी योजनेवरचा विश्वास न सोडता त्याने बोट ठेवले ते माणसाच्या वागण्यावर: सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे एका जागी दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती. आपत्ती निसर्गाची असली तरी तिचा संहार बऱ्याच अंशी मनुष्यनिर्मित असतो, हा विचार आज आपत्ती-व्यवस्थापनाचा पाया मानला जातो.

हे वाद चालू असताना लिस्बनमध्ये प्रत्यक्ष काम करीत होता राजाचा मंत्री सेबास्तियांव जोझे दे कार्व्हाल्यो, जो पुढे पोंबालचा मार्किस म्हणून ओळखला गेला. आता काय करावे, असे राजाने विचारता, मृतांना मूठमाती द्यावी आणि जिवंतांना अन्न द्यावे, असे उत्तर त्याने दिल्याची आख्यायिका आहे. साथ पसरू नये म्हणून धर्माधिकाऱ्यांची संमती घेऊन प्रेते होड्यांतून समुद्रात सोडण्यात आली. लुटारूंना जरब बसावी म्हणून फाशीचे खांब उभे राहिले. नव्या घरांसाठी भिंतीत लाकडी सांगाडा बसवण्याची पद्धत ठरली, आणि सैनिकांना प्रतिकृतीभोवती पावले आपटत चालायला लावून तिची परीक्षा घेतली गेली, असे सांगतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे देशभरच्या धर्मग्रामांच्या धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली गेली. धक्के किती वेळ टिकले, किती माणसे मेली, समुद्र आधी ओसरला की चढला, जमिनीला भेगा पडल्या काय, आग लागली काय? ही उत्तरे पुढे भूकंपशास्त्राला मोलाची ठरली.

ज्यांनी शासकीय सेवेत पंचनामे केले आहेत त्यांना ही प्रश्नावली ओळखीची वाटेल. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले तोही राष्ट्रीय सणाचाच दिवस होता. अंजारमध्ये प्रजासत्ताकदिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. गुजरातेत तेरा हजारांहून अधिक माणसे गेली. मदतकार्याच्या त्या दिवसांत ‘पाप वाढले म्हणून असे झाले’ हे वाक्य मी कितीतरी तोंडून ऐकले. बोलणारे सर्व धर्मांचे होते. मात्र ज्याच्या घरातले मूल गेले आहे अशा माणसाच्या तोंडून ते ऐकल्याचे मला स्मरत नाही. आमच्या छापील तक्त्यांत मृताचे नाव, वय आणि घराची स्थिती यांसाठी रकाने होते. अपराधासाठी रकाना नव्हता. लिस्बनच्या प्रश्नावलीची थोरवी मला येथेच जाणवते. भेगा आणि मृत्यू मोजणारे पाद्री श्रद्धा सोडून बसले नव्हते. पापाचा हिशेब बाजूला ठेवून माणसांची मोजदाद करणे श्रद्धेला बाधक नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

तथापि पोंबालची बाजू निर्मळ होती, असे समजण्याचे कारण नाही. भूकंपाने त्याच्या हाती जी सत्ता आली तिचा त्याने कठोर वापर केला. मालाग्रिदांना लिस्बनबाहेर पाठवण्यात आले. १७५८ मध्ये राजावर हल्ला झाल्यानंतर ते तुरुंगात गेले. आणि सप्टेंबर १७६१ मध्ये, इन्क्विझिशनची सूत्रे पोंबालच्या भावाकडे असताना, त्या बहात्तर वर्षांच्या वृद्धाला पाखंडी ठरवून गळा आवळून मारण्यात आले व देह जाळण्यात आला. या सत्तेचे तरंग गोव्यापर्यंत पोहोचले. १७५९ मध्ये पोर्तुगीज राज्यातून जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि स्टीफन्स यांच्या संघाचे गोव्यातील दीर्घ पर्व संपुष्टात आले. १७७४ मध्ये पोंबालच्याच अमलात गोव्याचे इन्क्विझिशन बंद झाले. त्याच्या पतनानंतर १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. बुद्धिवादाच्या नावाने आलेली राजसत्ताही बळी शोधते, हा या इतिहासाचा दुसरा धडा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुःख म्हणजे शिक्षा, हेच ख्रिस्ती धर्मग्रंथांचे मत आहे काय? पापाबद्दल शिक्षा झाल्याच्या कथा बायबलमध्ये आहेत, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याच ग्रंथात या सूत्राला रोखणारा प्रबळ विचारही आहे. जुन्या करारातील ईयोब हा नीतिमान पुरुष. वादळी वाऱ्याने घर कोसळून त्याची सर्व मुले मरतात; ही नैसर्गिक आपत्तीच म्हणावी लागेल. त्याचे मित्र भेटीस येतात आणि सात दिवस निःशब्द बसतात. पुढे ते बोलू लागतात आणि त्याच्या दुःखाच्या मुळाशी त्याचे पाप असले पाहिजे, असे त्याला पटवू पाहतात. ग्रंथाच्या अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो या मित्रांवर. दुःखिताची तक्रार ईश्वर सहन करतो. ईश्वराची वकिली करण्यासाठी दुःखितावर ठेवलेला आरोप मात्र त्याला मान्य होत नाही.

नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानात याहून नेमका प्रसंग आहे. शिलोह येथे बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती यरुशलेमच्या इतर रहिवाशांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न येशू करतो आणि स्वतःच नाही म्हणतो. त्याला जोडून तो ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाचे आवाहन करतो. मालाग्रिदांसारखे उपदेशक या दुसऱ्या वाक्याचा आधार घेऊ शकले असते. परंतु ते वाक्य जिवंतांना त्यांच्या स्वतःच्या जीवनाविषयी उद्देशून आहे. मेलेल्यांवरचा निकाल तर पहिल्याच वाक्यात फेटाळला आहे. या दोहोंतील भेद पुसला गेला की उपदेशाचा आरोप होतो.

विसाव्या शतकातील ख्रिस्ती विचारवंतांनी हे सूत्र अनेक दिशांनी पुढे नेले. जॉन हिक यांनी १९६६ च्या ग्रंथात दुसऱ्या शतकातील संत आयरिनिअस यांचा आधार घेऊन असे मांडले की, जग हे सुखाचे उपवन नसून आत्मा घडवण्याची जागा आहे. भौतिकशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू असलेले जॉन पोकिंगहॉर्न यांनी सुचवले की, ईश्वराने सृष्टीला आपल्या नियमांनी चालण्याची मोकळीक दिली आहे. भूपट्टांच्या ज्या हालचालींनी पर्वत उभे राहतात त्यांनीच भूकंपही होतात. युर्गेन मोल्टमान यांनी किशोरवयात हॅम्बुर्गवरील बॉम्बवर्षावात आपला मित्र शेजारी मरताना पाहिला होता. १९७२ च्या त्यांच्या ग्रंथातील ईश्वर दुःखाचे स्पष्टीकरण देत बसत नाही. क्रुसावर तो स्वतः दुःखात उतरतो.

या सर्व मतांची कसोटी २६ डिसेंबर २००४ रोजी लागली. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्सुनामी आली. तमिळनाडूतील वेलंकणी येथे देवमातेचे मंदिर सुरक्षित राहिले, पण किनाऱ्यावर असंख्य यात्रेकरू वाहून गेले. लिस्बनची चर्चे पडली म्हणून प्रश्न उभा राहिला होता. येथे चर्च वाचले तरी प्रश्न तोच राहिला. कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी, अशा घटनेने श्रद्धा अस्वस्थ होणे स्वाभाविकच आहे, अशा आशयाचा लेख लिहिला. ऑर्थोडॉक्स पंथाचे विचारवंत डेव्हिड बेंटली हार्ट यांनी २००५ च्या पुस्तकात त्याहून पुढे जाऊन म्हटले की, बालकाचा मृत्यू हा ईश्वरी योजनेचा आवश्यक भाग आहे, असे त्याच्या आईबापांना सांगणे ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाही. मृत्यू हा ईश्वराचा शत्रू आहे, साधन नव्हे.

ही ओढाताण केवळ ख्रिस्ती समाजाची आहे, असे मानून आपण अलिप्त राहू शकत नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड म्हटला, आणि रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. गांधीजींचा हेतू उदात्त होता. पण ढिगाऱ्याखाली सवर्ण आणि अस्पृश्य दोघेही होते. उदात्त हेतूनेही हा युक्तिवाद न्याय्य होत नाही, हे रवींद्रनाथांनी ओळखले.

या सर्व इतिहासातून ईश्वराच्या चांगुलपणाचे गणित सुटते, असा दावा करता येत नाही. ईयोबालाही ‘का’चे उत्तर मिळाले नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, जे उत्तर मृताला गुन्हेगार ठरवते ते तर्कालाही उतरत नाही आणि ख्रिस्ताच्या वचनालाही. श्रद्धेचे खरे उत्तर शोधायचे तर ते महाराष्ट्रातही सापडते. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी घर उभे केले. दुष्काळ का पडला याचा ईश्वराच्या दरबारातील खुलासा त्या मुलींना मिळाला नसेल. पण अन्न, अक्षर आणि आसरा मिळाला. ईश्वर चांगला आहे, हे विधान आपत्तीच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी हातांनीच खरे करावे लागते.