फुरसें आणि कोंकणांतलें घर



कोंकणांत ज्यांचें घर आहे, त्यांना ह्या शेजाऱ्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तो न बोलावितां येतो आणि हांकलला तरी फार दूर जात नाहीं. मी फुरशाविषयीं बोलत आहें. लांबी हातभर, जाडी अंगठ्याएवढी, रंग सुकलेल्या पातेऱ्यासारखा आणि डोक्यावर बाणासारखी फिकट खूण. डिवचलें, कीं तें आपलीं वेटोळीं एकमेकांवर घासतें आणि तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावे तसा आवाज निघतो. कारण त्याच्या कुशीवरील खवल्यांना करवतीसारखे दांते असतात. अमेरिकेंतील शेतकऱ्याला असाच इशारा रॅटलस्नेक नांवाचा साप शेपटीचा खुळखुळा वाजवून देतो. दोघेहि एकाच घराण्यांतले, वाद्यें तेवढीं निराळीं.

ह्या शेजाराचा इतिहास सरकारी दप्तरांत आहे, आणि तो मोठा विलक्षण आहे. सन १८६२ च्या डिसेंबरांत रत्नागिरी जिल्ह्यांत फुरशाच्या डोक्यामागें बक्षीस लावण्यांत आलें. तेव्हांच्या रत्नागिरी जिल्ह्यांत आजच्या सिंधुदुर्गाचाहि बराचसा मुलूख मोडत असे. आठवडाभरांत एक लाखाहून अधिक फुरशीं जमा झालीं! बक्षीस चालू होतें त्या काळांतील वर्षाची सरासरी दोन लाखांवर गेली. व्हिडाल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें हा सर्व हिशेब पुढें १८९० च्या सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत मांडला. हीं मेलेलीं जनावरें एकेक करून मोजणाऱ्या कारकुनाची मला नेहमी कींव येते. त्याच्या टेबलाचा वास दप्तरांत उतरलेला नाहीं.

मी आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविलें. वर्षाला दोन लाख ह्या दरानें दहा वर्षांत कातळ रिकामा व्हावयास हवा होता. तो झाला नाहीं. फुरसें अंडीं घालीत नाहीं. त्याला जिवंत पिलें होतात, आणि एका वेतांत पांचदहा सहज. जांभ्याचा सडा म्हणजे भेगांचेंच घर. एक भेग मोकळी झाली कीं दुसरें बिऱ्हाड येतें. शिवाय त्या हिशेबांत एक रकाना मुळींच नव्हता. फुरशाच्या आहारांत विंचू आणि गोमा पुष्कळ असतात. कोंकणांतला तांबडा विंचू लहान मुलांच्या जिवावर उठतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. दोन लाख फुरशांनीं किती विंचू खाल्ले असते, तें कोणीं मोजलें नाहीं.

आतां थोडें घरचें सांगतों. १९६९ सालीं मी अकरा वर्षांचा होतों. आमच्याकडे मोत्या नांवाचा कुत्रा होता. भाद्रपदांत एका संध्याकाळीं तो गडग्याच्या फटींत नाक खुपसून गुरगुरत राहिला आणि एकदम केकाटून मागें सरला. कुत्र्याला दंश होतो तो बहुधा नाकावर किंवा पुढच्या पायावर. चौकशी करण्याची त्याची रीतच तशी. दुसऱ्या दिवशीं थोबाड सुजलेलें होतें, पण भाकरी खाल्ली. वडील म्हणाले, "वांचला." तिसऱ्या दिवशीं हिरड्यांतून रक्त येऊं लागलें. चौथ्या दिवशीं पहाटे आजीनें त्याला गोठ्यांत निपचित पडलेला पाहिला.

फुरशाची खरी मेख येथें आहे. नागाचें विष कांहीं तासांत माणसाला आडवें करतें. फुरशाचें विष रक्ताचा गोठण्याचा गुण नाहींसा करतें, आणि रोगी पुढें कित्येक दिवस हिंडतो, जेवतो, बोलतो. मरण आलेंच तर तें दोन दिवसांनीं किंवा आठवड्यानंतरहि येतें. म्हणून मंत्र घालणाऱ्यांचें ह्या सापावर इतकीं वर्षें फावलें. मंत्र पहिल्या रात्रीं लागू पडतो असें सर्वांना दिसे. मरण पांचव्या दिवशीं येई, आणि तोंवर दोष भलत्यालाच चिकटलेला असे. मी मांत्रिकांना लबाड म्हणत नाहीं. त्यांतले पुष्कळ प्रामाणिकपणें फसलेले होते.

ह्या विषावर उतारा निघाला, त्याची सुरुवात कोंकणापासून फार दूर झाली. १८८७ सालीं अमेरिकेंत मिशिगन येथें हेन्री सेवॉल ह्या प्राध्यापकानें पारव्यांना रॅटलस्नेकचें विष अगदीं थोडथोड्या मात्रेनें टोंचलें, आणि पुढें तेच पारवे मोठी मात्रा पचवूं लागले. १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्यें काल्मेत ह्यांनीं अशा प्राण्याच्या रक्तांतील लस माणसासाठीं तयार केली. ती मुख्यतः नागाच्या विषावरची होती. एक लस सर्व सापांना चालेल अशी काल्मेत ह्यांची समजूत. ती खोटी आहे हें दाखविण्यांत मुंबईंत परळच्या प्लेग प्रयोगशाळेंत काम करणारे डॉक्टर जॉर्ज लॅम्ब ह्यांचा मोठा वाटा होता. घोणशीच्या विषापुढें नागाची लस निरुपयोगी ठरली. त्याच प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात. पुढें नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें ह्या चौघांवर मिळून चालणारी लस तयार झाली. तीच आज सरकारी रुग्णालयांत मिळते. लसीसाठीं लागणारें विष हल्लीं बहुतांशीं तामिळनाडूंतून येतें. तेथें १९७८ सालीं इरुळा जमातीच्या लोकांची सहकारी संस्था निघाली. ते साप धरतात, विष काढून घेतात आणि जनावर पुन्हां रानांत सोडतात. ज्या डोक्याला आम्हीं बक्षीस लावलें, त्याच डोक्यांतून आज औषध निघत आहे.

आतां माझी चूक सांगितली पाहिजे. १९९४ सालीं माझ्या वर्गांतला एक मुलगा पायाला फडकें बांधून शाळेंत आला. आदल्या रात्रीं फुरसें चावलें, गांवांतल्या एकानें उतरविलें, असें तो म्हणाला. मुलगा हंसत होता. मीं मोत्याची चौथी पहाट पाहिलेली. तरीहि मीं त्याला बांकावर बसविलें आणि पाढे घेतले. तिसऱ्या दिवशीं त्याच्या थुंकींतून रक्त आलें, तेव्हां माझे डोळे उघडले. जीपगाडीनें आम्हीं त्याला तालुक्याला नेलें. डॉक्टरांनीं कांचेच्या कोरड्या नळींत त्याचें थोडें रक्त घेतलें आणि नळी उभी करून ठेविली. वीस मिनिटांनीं ती आडवी केली. रक्त गोठलेलें असतें तर जागचें हललें नसतें. तें पाण्यासारखें वाहिलें. तीं वीस मिनिटें मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतों. लस दिली, रक्त दिलें, मुलगा वांचला. पण दोन दिवस माझ्या वर्गांत गेले, हें मला विसरतां येत नाहीं.

२००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें गेलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतलीं बहुतेक खेड्यांतलीं. हा आंकडा पाहिला, म्हणजे मला घरांतल्या जुन्या शिस्तीची आठवण होते. आजी अंगण सारवून स्वच्छ ठेवी. उडवी घराला खेटून कधींहि रचूं देत नसे. पातेरा गोळा करतांना हात घालण्यापूर्वीं काठी घाली. कोंबड्यांचे दाणे रात्रीं सांडलेले तिला चालत नसत. दाण्यांमागें उंदीर आणि उंदरामागें साप, हा तिचा हिशेब. पायांत वहाण आणि हातांत कंदील असल्यावांचून ती गोठ्यांत गेली नाहीं. ह्यासाठीं तिला कोणीं पै दिली नाहीं.

आज आमच्या घरीं एक कुत्री आणि दोन मांजरें आहेत. तिन्हीसांजेनंतर कुत्रीला मोकळी सोडीत नाहीं, आणि तिला कांहीं चावल्याची शंका आली तर पहिल्याच तासाला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेतों; हीच लस तिलाहि चालते. मांजर मात्र शिस्त मानीत नाहीं. गेल्या श्रावणांत थोरलीनें पडवीच्या पायरीपाशीं पंजा उगारलेला दिसला आणि पाठोपाठ तो तव्यावरचा आवाज ऐकूं आला. मीं मांजरीवर पोतें टाकून तिला आंत ओढलें, दार लावलें आणि दिवा तसाच ठेवला. सून म्हणाली, "मामंजी, मारायचें नाहीं का?" मीं नाहीं म्हटलें. रात्रभर कोणीं पडवींत पाऊल ठेविलें नाहीं. सकाळीं काठीनें पायरीखालचे दगड हलवून पाहिले. तेथें कांहीं नव्हतें. दुपारीं गवंड्याला बोलावून त्या फटींत चुना भरून घेतला.