तारापूर किनाऱ्यावरचा आगमनकाळ

आगमनकाळ हा ख्रिस्ती उपासना-वर्षाचा पहिला टप्पा. ३० नोव्हेंबरच्या संत आंद्रियाच्या सणाला सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो आणि नाताळच्या पूर्वसंध्येला संपतो. रविवार चार, दिवस मात्र २२ ते २८. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात, मिस्सातले गौरवगीत गळते. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डने तीन आगमने सांगितली: बेथलेहेमात झालेले, युगान्ती व्हायचे आणि या दोहोंमधले, माणसाच्या अंतःकरणात होत राहणारे. पहिल्याची आठवण आणि शेवटच्याची आशा सगळीकडे सारखीच. मधले आगमन मात्र ज्याने त्याने आपापल्या गावात ओळखायचे असते.

पालघर-तारापूर पट्ट्यात हा काळ पोर्तुगीजांबरोबर आला. २३ डिसेंबर १५३४ रोजी, म्हणजे ऐन आगमनकाळात, गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख त्यांना तोडून दिला. १५५९ मध्ये दमणही त्यांच्याकडे गेल्यावर मधली माहीम, तारापूर, डहाणू ही ठाणी एका साखळीत आली. उपासना लॅटिनमध्ये चाले. प्रतीक्षेची कथा मराठीत विस्ताराने आली ती गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तून. १६१६ मध्ये छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाचे अख्खे ‘पहिले पुराण’ जुन्या कराराचे, म्हणजे तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्यांचे आहे.

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मराठा फौजांनी पोर्तुगीजांकडून माहीम, केळवे आणि तारापूर घेतले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई पडली. तहात पाच चर्च राखायचे ठरले: वसई शहरात तीन, तिच्या प्रांतात एक, साष्टीत एक. तारापूर-माहीमच्या वाट्याला त्यातून फारसे काही येणे शक्यच नव्हते. वसईच्या गावांत उपासना-वर्ष चालू राहिले, उत्तरेकडे ख्रिस्ती वस्ती विरळ झाली. म्हणून वसईवरून पालघरचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

पुढची लागवड नव्याने झाली. अमेरिकेतल्या ब्रदरन मंडळीचे मिशनरी १८९४ मध्ये वलसाडला आले आणि तिथून डहाणू, पालघर, वाडा या मराठी मुलखात पसरले. त्यांची उपासना साधी, भर वचनावर. ही मंडळी ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली, त्याची स्थापना नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. कॅथलिकांकडे, तलासरीत येशूसंघीयांनी वारली समाजात काम उभे केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा मराठीत आला आणि यशया संदेष्ट्याची भाकिते लोकांना आपल्या भाषेत ऐकू येऊ लागली. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला.

या किनाऱ्यावर आगमनकाळ भातकापणीच्या पाठोपाठ येतो, त्यामुळे नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याला लागणारा पेंढा ताजा मिळतो. कोकणपट्टीतल्या अनेक घरांत नाताळच्या आधी ताटलीत किंवा करवंटीत नाचणी वा गहू पेरतात. रोज पाणी शिंपडून वीतभर वाढलेली ती रोपे गोठ्याभोवती शेत म्हणून मांडतात; बाळ येशूची मूर्ती मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. चार मेणबत्त्यांचे आगमनचक्र त्यामानाने अगदी अलीकडचे: १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या योहान हिनरिख विखर्न यांनी अनाथ मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी ही कॅथलिक मांडणी त्यानंतरची; गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या, आनंदाच्या रविवारी पेटते.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि कामगारांबरोबर परप्रांतीय ख्रिस्तीही आले. केरळातल्या सिरो-मलबार परंपरेत ‘आगमनकाळ’ नाही, ‘मंगलवार्ताकाळ’ आहे. त्यातले पंचवीस दिवसांचे नोंबू, म्हणजे उपवासाचे व्रत, दरवर्षी ठरलेल्या १ डिसेंबरला धरतात आणि नाताळला सोडतात. मासे-मटण तोवर वर्ज्य. लॅटिन परंपरेतला पहिला रविवार मात्र २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर असा पुढेमागे सरकत राहतो.