आठवणींतले भाव आणि १ एप्रिल १९५७

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी, कल्याणच्या काळ्या तलावाभोवती किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या बागेच्या कट्ट्यावर संध्याकाळी थोडा वेळ बसले, तर एका विशिष्ट घाटाचे वाक्य कानांवर पडल्यावाचून राहत नाही. 'आमच्या वेळी आण्याला...' असे ते सुरू होते. पुढे चहा येतो, केळी येतात, सिनेमाचे तिकीट येते, आगगाडीचा पास येतो. एकाने आणा म्हटला की दुसरा पैशावर उतरतो आणि तिसरा ढब्बू पैशाची आठवण काढतो. शेजारी बसलेली तरुण मंडळी कौतुकाने किंवा कंटाळून हसतात. साहित्याच्या अभ्यासकालाही या बोलण्यावर 'स्मरणरंजन' असा शिक्का मारून पुढे जावेसे वाटते.

हा शिक्का आम्हांला घाईचा वाटतो. या आठवणी इतिहासाचे साधन आहेत. मात्र त्यांतून बाजारभावांची कोष्टके मिळतील अशी अपेक्षा धरली तर निराशा पदरी येते. भाव सांगणारा त्या काळी कोठे उभा होता, नाणे कोणाच्या तळहातावर होते आणि कोणाच्या नव्हते, हे त्या सांगतात. एखाद्या कथेतील निवेदक जसा तपासावा तशा त्या तपासल्या पाहिजेत.

प्रथम त्यांचे व्याकरण पाहू. आज आपण 'तांदूळ किलोला किती रुपये' असे विचारतो. वस्तूचे माप स्थिर असते आणि रुपये हलतात. जुने बोलणे याच्या उलट होते : 'रुपयाला किती पायली?' तेथे रुपया स्थिर असे आणि वस्तू कमीजास्त होई. हा केवळ बोलण्याचा लकब नव्हता. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्येही धान्याचे भाव रुपयाला किती पौंड याच रीतीने दिलेले आहेत. बाजारभावाला 'धारण' आणि 'निरख' हे शब्द होते. दुष्काळ पडला की रुपयाचे मोल घटले असे कोणी म्हणत नसे. पायली उणी झाली म्हणत. महागाई आकड्यांत वाढत नसे, मापात आटत असे. ज्याच्या कानांवर लहानपणी हे व्याकरण पडले, त्याच्या लेखी 'रुपयाला एवढे' हे वाक्य भरलेल्या मापाचे चित्र असते. ऐकणारा त्याचे भाषांतर मनातल्या मनात 'किलोला इतके पैसे' असे करतो आणि दोघांमध्ये गैरसमजाची पहिली फट पडते.

ती मापेही आता समजावून सांगावी लागतात. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर आणि चार शेर म्हणजे पायली. प्रत्येक पायरीवर दुप्पट किंवा चौपट. नाण्यांचेही तसेच : चार पैशांचा आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली आणि सोळा आण्यांचा बंदा रुपया. निम्मे करीत उतरायचे आणि दुप्पट करीत चढायचे, ही त्या हिशेबाची चाल. म्हणूनच शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत असत. साडेतीनचा पाढा पाठ असणे ही हुशारीची मिरवणूक नव्हती, दुकानात फसू नये म्हणून केलेली तयारी होती.

१ एप्रिल १९५७ रोजी ही चाल मोडली. रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. पावलीचे पंचवीस आणि अधेलीचे पन्नास नेमके बसले, परंतु एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. सव्वा पैशाचे नाणे नसल्याने आण्याला सहा, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस असे रूपांतर ठरले. मोठ्या रकमेत हा फरक दिसेनासा होई. घोटाळा राहिला तो एका-दोन आण्यांच्या खरेदीत, म्हणजे जी खरेदी मुले आणि गरीब माणसे करीत तिच्यात. 'नव्या पैशात दुकानदारांनी लुबाडले' ही कुरकूर अनेक वृद्धांच्या बोलण्यात येते तिचा उगम येथे असावा. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले आणि १९६२ पर्यंत शेर व्यवहारातून हटला. १९६४ साली 'नवा' हे विशेषणही गेले.

भाषेने मात्र जुने चलन सोडले नाही. 'सोळा आणे खरे', 'पै पै जमवणे', 'कवडीमोल', 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' हे प्रयोग ज्यांनी आणा पाहिला नाही तेही करतात. पिकाच्या पाहणीला सरकारी कागदांत 'पैसेवारी' म्हटले, तरी बोलण्यात 'आणेवारी'च येते. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, पण तोवर लोक त्याला 'चार आणे'च म्हणत. मराठीच्या वर्गात एखादी जुनी कथा शिकवताना पात्राने मोजलेली रक्कम पुष्कळ होती की क्षुल्लक, हे विद्यार्थ्यांना कळत नाही, असा अनुभव शिक्षकांना असेलच. ते कळल्याशिवाय त्या पात्राचा कंजूषपणा किंवा उदारपणाही कळत नाही.

आता आठवणीत काय नसते ते पाहू. सर्वांत ठळक अनुपस्थिती पगाराची. चहाचा दर बिनचूक सांगणाऱ्याला त्या वर्षी वडिलांचा पगार किती होता असे विचारले, तर तो थबकतो. पहिल्या वेतन आयोगाने १९४७ साली केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकरासाठी तीस रुपये मूळ वेतन आणि पंचवीस रुपये महागाई भत्ता, असे पंचावन्न रुपये सुचवले. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात किती घरे या आकड्याच्या आसपास जगली असतील याची कल्पना करता येते. सातव्या आयोगाच्या शिफारशीनुसार २०१६ पासून हाच किमान आकडा अठरा हजार झाला. प्रचलित कोष्टकांनुसार दहा ग्रॅम सोने १९४७ साली नव्वद रुपयांच्या आत, तर २०१६ साली अठ्ठावीस हजारांच्या वर होते. म्हणजे एका महिन्याच्या किमान पगारात दोन्ही वेळा सहा ग्रॅमच्या आसपासच सोने येत होते. सोने हे एकच माप नव्हे आणि २०१६ नंतर ते पगाराला फार मागे टाकून गेले, हे खरे. तरीही 'तेव्हा सोने कसे स्वस्त होते' या वाक्याचा तोल कोठे जातो हे दाखवायला एवढे उदाहरण पुरे.

पगार का आठवत नाही? आमच्या मते, आठवणारा तेव्हा मूल होता हे त्याचे साधे कारण. पगार वडिलांचा, तो घरात उघडपणे बोलला जात नसे. मुलाच्या हाती येई ते एक नाणे आणि एक निरोप : वाण्याकडून अमुक आण, उरलेले परत आण. किंमत त्याने मुठीत धरून, पुटपुटत, रस्त्याने नेलेली असते. त्यामुळे ती स्पर्शासह लक्षात राहते. युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी काढलेल्या भोकाच्या पैशाची आठवण इतकी ताजी का, याचेही उत्तर त्यात आहे. त्यातून दोरा ओवता येत असे. आठवणीतली स्वस्ताई पुष्कळदा मुलाच्या तळहातावरून पाहिलेली असते, आणि महिन्याच्या विसाव्या तारखेला आईने वाण्याच्या वहीत काय लिहवले हे त्या उंचीवरून दिसत नाही.

दुसरी ठरलेली आठवण घरभाड्याची. गिरगावात किंवा दादरला इतके कमी भाडे होते, असे डोंबिवलीत बसून सांगितले जाते. यात एक गंमत आणि एक व्यथा आहे. मुंबईतील भाडी कमी राहिली ती १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे. त्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. जे आत होते त्यांना संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे कोणाला परवडेना. पागडी आली. लग्न झालेल्या धाकट्या भावाला चाळीत जागा उरली नाही आणि तो रुळांच्या कडेने पुढे सरकला. १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आलेल्या लोहमार्गाने ही वाट शंभर वर्षे आधीच आखून ठेवली होती. पुढे सहकारी सोसायट्या आणि मालकीचे ब्लॉक आले. १९६३ साली त्यांच्यासाठी कायदाही झाला. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक ज्या डोंबिवलीत राहिले ती मध्यमवर्गीय डोंबिवली अशी भरत गेली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे चौतीस किलोमीटर, डोंबिवली अठ्ठेचाळीस आणि कल्याण चोपन्न. स्वस्त जागेची उरलेली किंमत या अंतराच्या रूपाने रोज दोनदा, उभ्याने, चुकती करावी लागली. पासाचे पैसे सर्वांना आठवतात. प्रवासात गेलेले तास कोणत्याच हिशेबात धरलेले आढळत नाहीत.

आठवणी पुरुषांकडून ऐकल्या की चहा, सिनेमा आणि पास पुढे येतात. स्त्रियांना विचारले की शिधापत्रिका, रॉकेल आणि रांग येते. मुंबईत १९४३ साली शिधावाटप सुरू झाले आणि नियंत्रित धान्याची सवय पुढच्या दोन पिढ्यांना जडली. साठच्या दशकात अमेरिकेचा पी. एल. ४८० चा गहू आला. टंचाईच्या वर्षांत लाल मिलो ज्वारी आली, आणि तिची भाकरी थापणाऱ्या हातांना ती आजही आठवते. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली आणि लाटणी हाती घेतलेल्या बायका रस्त्यावर आल्या. कट्ट्यावर ज्या वर्षांचा उल्लेख 'स्वस्ताईचा काळ' असा होतो, त्यांत हे वर्षही येते. एकाच घरातील दोन वृद्धांना एकच काळ असा निराळा आठवावा, हे आम्हांला दरांच्या कोणत्याही यादीपेक्षा मोलाचे वाटते.

आणि कट्ट्यावर नसलेल्यांचे काय? १९४५ साली ठाणे जिल्ह्यात, आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या भागात, वारली शेतमजुरांनी दिवसाला किमान बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदारांच्या शेतांवर काम न करण्याचा निर्धार केला. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात आहे. आपण म्हणीत सहज उडवून लावतो ते बारा आणे तेथे लढ्याचे कारण होते. मध्यमवर्गाच्या आठवणीतला आणा आणि वारल्यांचा आणा टांकसाळीतून एकच निघाला, पण त्याचे वजन एक नव्हते. तांदळाचेही तसेच. कल्याण-डोंबिवलीच्या भोवती तेव्हा भातशेते होती आणि ती मुख्यतः आगरी व कुणबी कुटुंबे कसत. रुपयाला जास्त तांदूळ म्हणजे पिकवणाऱ्याला पायलीमागे कमी पैसे, हे उघड आहे. घेणाऱ्याची स्वस्ताई ही विकणाऱ्याची मंदी असते.

येथे पुन्हा १ एप्रिल १९५७ या तारखेकडे यावे लागते. नोकरदार घरांना ती नव्या पैशाची तारीख म्हणून ठाऊक आहे. परंतु मुंबई राज्याच्या सुधारलेल्या कूळ कायद्यानुसार तोच दिवस 'कृषक दिन' होता : त्या दिवशी जमीन कसणारे कूळ, कायद्यातील अटींच्या अधीन राहून, तिचे खरेदीदार मानले जाणार होते. प्रत्यक्षात कोणाला जमीन मिळाली आणि कोणाची निसटली ही वेगळी आणि लांब कहाणी आहे. तरीही एकाच सकाळी शहरातल्या मुलाने सव्वासहाचा हिशेब सोडवावा आणि चार कोसांवरच्या गावात एखाद्या कुळाने सातबाऱ्यावर आपले नाव लागेल का याची चौकशी करावी, हे चित्र नजरेसमोर ठेवण्यासारखे आहे. आपल्या आठवणींच्या साहित्यात पहिल्या प्रसंगाला जितकी जागा मिळाली, तितकी दुसऱ्याला मिळाली नाही.

१९५७ साली जी मुले दहा वर्षांची होती, ती आज पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहेत. आण्यात मोजलेले, पायलीने मापलेले आणि औटकी म्हटलेले हे शेवटचे लोक. मराठीच्या शिक्षकांना आमची विनंती एवढीच की, एखाद्या सुट्टीत विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे आणि सोबत थोडे प्रश्न द्यावेत. भाव सांगितला की विचारावे : तेव्हा तुमचे वय काय होते? पैसे कोणी दिले? घरात मिळवते किती आणि खाणारे किती? ती वस्तू रोज येई, की सणाला? आजोबांना विचारून झाले की तेच प्रश्न आजींना स्वतंत्रपणे विचारावेत. जमल्यास ज्यांच्या शेतावर आजची कॉलनी उभी आहे त्या घरातही जावे. उत्तरे बोलीत आहेत तशीच, 'रुपयाला' आणि 'आण्याला' यांसकट उतरून घ्यावीत. त्यांचे किलोत रूपांतर करू नये. आणि वहीच्या समासात, प्रत्येक भावाच्या शेजारी, पगाराच्या आकड्यासाठी एक रिकामा रकाना ठेवावा. तो भरता आला नाही, तरी रिकामा आहे हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे.