बुळकांडीचं साल

आमच्या माणदेशातल्या घरात कुणाचं वय विचारलं, तर पणजी तारीख सांगत नसे. "तुझा आजा बुळकांडीच्या साली पोटात होता," एवढंच म्हणायची. त्या साली बाजारातून आणलेल्या एका बैलाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मग तोंड आलं, मग हगवण लागली. पंधरवड्यात खिलार जोडी आणि दुभती गाय, सगळी दावण रिकामी झाली. गावानं मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडला. पेरणीला पणजोबांनी आणि त्यांच्या भावानं स्वतः जू खांद्यावर घेतलं.

पणजीच्या गोष्टीतून एक भाग कायम गळलेला असे. मेलेली जनावरं ओढून कुणी नेली? तो भाग माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, पुढे महारवाड्यातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकला. गावानं ते काम त्यांच्याच माथी मारलेलं होतं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते या म्हाताऱ्यांना तरुणपणी कळलं होतं. आबा म्हणायचे, "साथीची गोष्ट दोन्हीकडनं ऐकावी. एकीकडं दावणी मोजतात, दुसरीकडं ओढलेली मढी."

असे हे आबा गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत तेच करत राहिले. सरकारनं 1954 साली देशभर बुळकांडीविरुद्ध मोहीम उघडली होती. पाच वर्षांत शंभरातल्या ऐंशी गाई-म्हशींना टोचायचं, असा बेत होता. लस यायची गोठवून सुकवलेली. एकदा पातळ केली की काही तासांत संपवायची, तीही गारच ठेवून. माणच्या उन्हात बर्फाचा थर्मास सायकलला बांधून आबा वाड्या-वस्त्या पालथ्या घालायचे. बर्फ वितळला की लस गेली, म्हणून वाटेत कुणी चहाला बोलावलं तरी थांबायचे नाहीत.

या लशीची हकिगत ते अभिमानानं सांगत. जनावरांच्या साथींवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा 1889 साली पुण्यात निघाली आणि 1893 मध्ये कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. तिथं 1920 च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा नेत नेत गाई-बैलांपुरता मवाळ केला. मवाळ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. टोचल्यावर जनावराला ताप यायचा, दूध कमी व्हायचं. शेतकरी काठी घेऊन उभा राही: "चांगल्या गाईला आजारी पाडतोस व्हय?" आबांचं उत्तर ठरलेलं होतं. ते वाद घालत नसत, त्या घरातल्या म्हातारीला बाहेर बोलवायचे आणि म्हणायचे, "आज्जी, बुळकांडीचं साल सांगा की." ती सांगू लागली की काठी आपोआप खाली यायची.

लाळ-खुरकुताला मात्र ते हात टेकत. "त्याच्या जाती अनेक, अन् लशीचा जोर काही महिन्यांचा. बुळकांडी एकाच जातीची, अन् वाचलेल्या जनावराला पुन्हा गाठत नाही. म्हणून ती हटली." पुढे सुधारित लस आली. पेशींवर वाढवलेल्या विषाणूची, वॉल्टर प्लॉराइट यांच्या कामातून निघालेली. ती संकरित गाईंनाही सोसायची.

तरीही रोग कुठं ना कुठं डोकं वर काढत राहिला. जनावरं विकली जात, बाजारातून बाजारात फिरत. 1992 मध्ये नवा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, तोवर आबा निवृत्त झाले होते. 1995 साली तमिळनाडूत शेवटची लागण सापडली. त्यानंतर लस टोचणं टप्प्याटप्प्यानं बंद झालं, तेव्हा आबा भडकले. "येडे झालेत काय? रान मोकळं सोडायलेत!" दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी त्यांना समजावलं: रक्तात प्रतिकारशक्ती दिसली, तर ती लशीची की रोगाची हे ओळखता येत नाही. म्हणून आधी टोचणं थांबवायचं, मग गावोगाव शोधायचं, आणि काहीच सापडलं नाही तरच रोग गेला म्हणायचं. आबा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "टोचण्यापेक्षा हे अवघड."

2006 मध्ये भारत या रोगाच्या संसर्गापासून मुक्त ठरला, 2011 मध्ये सगळं जग. माणसानं पृथ्वीवरून कायमचे घालवलेले रोग दोनच, देवी आणि बुळकांडी. देवीच्या लशीचे व्रण अजून म्हाताऱ्यांच्या दंडावर दिसतात. बुळकांडीची खूण मात्र कुठल्याच गुरावर नाही. ती उरली फक्त अशा घरांतल्या बोलण्यात.

ते बोलणं 2022 मध्ये कामी आलं. गुरांमध्ये लम्पीची साथ आली, जनावरांचे बाजार बंद झाले, आणि लम्पीची स्वतंत्र लस हाती नसल्यानं शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. "शेळीचं औषध गाईला?" म्हणून आमच्या वस्तीवर लोक अडून बसले. आबा तेव्हा नव्हते. मी लोकांना मुक्तेश्वरच्या शेळ्यांची हकिगत सांगितली, पणजीचं सालही सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोठ्यांमधली बहुतेक जनावरं टोचून झाली.